डभोईचे गुणे, जर्मनीचे पिलाटेस आणि आमच्या घरातले मुद्गल

पोस्ट लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी पिलाटेसच्या वर्गाला जायला लागले, हे आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या मंडळींत पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. तेव्हापासून दोन प्रश्न सारखे विचारले जातात. पहिला, एकसष्टाव्या वर्षी हे काय नवीन खूळ? आणि दुसरा, जरा टोचून, आपल्या बडोद्यात माणिकरावांचा आखाडा असताना परदेशी व्यायामाला पैसे कशाला मोजायचे? पहिल्याचं उत्तर एका ओळीत होतं: हाडांची तपासणी केली, रिपोर्ट चांगला नव्हता, आणि डॉक्टर म्हणाले पाठ सांभाळायची असेल तर व्यायाम शिका. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र थोडं इतिहासात शिरावं लागतं.

सुरुवात १८८३ सालापासून करू. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या बडोदे संस्थानातल्या डभोईला एका मराठी घरात जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या मोन्शनग्लाडबाख या कापडगिरण्यांच्या गावात जोसेफ पिलाटेस जन्मला. पिलाटेस हे व्यायामाचं नाव नाही, माणसाचं आडनाव आहे, हे मलाही वर्गात गेल्यावरच कळलं. तीन-साडेतीन महिन्यांच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसं आयुष्यात कधी भेटली नाहीत. पण दोघांनीही सगळा जन्म एकाच गोष्टीत घातला: माणसाचं शरीर मनाच्या ताब्यात कसं येईल.

गुणे म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याचं कैवल्यधाम त्यांचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांची शरीराची शाळा बडोद्यात झाली, हे आपल्याच मुलांना सांगायचं राहून जातं. १९०७ ते १९१० ही तीन वर्षं ते जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रो. माणिकरावांच्या हाताखाली शिकले. माणिकरावांनी आपल्या आखाड्याला स्वतःचं नाव दिलं नाही, आपल्या मुसलमान वस्तादांचं, जुम्मादादांचं नाव दिलं. मोडलेलं हाड बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. कवायतीतले इंग्रजी हुकूम काढून त्यांनी देशी भाषेतले हुकूम आणले. शंभर पोरं एका हुकमावर हलायची, आणि तो हुकूम पोरांना कळेल अशा बोलीत असायचा.

पुढे गुण्यांना नर्मदाकाठच्या मालसर गावी परमहंस माधवदासजी भेटले आणि ते योगाकडे वळले. पण आखाड्याने लावलेली सवय सुटली नाही. जे करायचं ते शरीरावर पडताळून बघायचं. १९२०-२१ च्या सुमाराला त्यांनी बडोद्याच्या सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांवर उड्डियान बंध आणि नौली यांचे प्रयोग केले. नौली करताना पोटाच्या आत नेमकं काय होतं हे त्यांना बघायचं होतं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं दिसलं, आणि त्या पोकळीला त्यांनी गुरूंच्या नावाने 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला संस्था काढली आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. ते गेले १९६६ मध्ये.

आता दुसरा. जोसेफ पिलाटेस लहानपणी रोगट पोरगा होता. दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप. वडील जिम्नॅस्टिक्स करणारे होते. जर्मनीत तेव्हा गावोगावी व्यायामाचे संघ होते. नेपोलियनने केलेल्या पराभवानंतर फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या मैदानात पोरांना जमवून ती चळवळ सुरू केली होती. हरलेल्या देशाने आधी शरीर कमवायला घ्यावं, ही कल्पना आपल्याकडच्या आखाड्यांना काही अनोळखी नाही. त्या हवेत हा पोरगा वाढला आणि त्याने स्वतःचं अंग घडवलं.

१९१२ च्या सुमाराला तो इंग्लंडला गेला. दोन वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं आणि इंग्लंडमधले जर्मन पुरुष शत्रूचे नागरिक ठरले. त्याला आधी लँकेस्टरला आणि मग आइल ऑफ मॅन या बेटावरच्या नॉकलो छावणीत ठेवलं. तारेच्या कुंपणाआड वीस हजारांहून जास्त माणसं. काम नाही, घर नाही, सुटका कधी ते माहीत नाही. अशा ठिकाणी माणूस आधी मनाने खचतो आणि मग अंगाने. तिथे या माणसाने व्यायाम केला आणि इतरांना शिकवला. अंथरुणावरून उठू न शकणाऱ्यांसाठी त्याने खाटेला स्प्रिंगा बांधल्या, अशीही गोष्ट सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, पण त्याची पुढची यंत्रं बघितली की खाट आणि स्प्रिंग दोन्ही ओळखू येतात. आज स्टुडिओत 'रिफॉर्मर' म्हणून जे असतं ते म्हणजे लांब चौकटीत मागेपुढे सरकणारी गादीची पाटी आणि तिला लावलेल्या स्प्रिंगा. झोपून पायाने ढकलायची. ढकलताना जोर लागतो, पण खरी परीक्षा परत येताना. पाटी खाडकन आपटू न देता सावकाश आणायची असते.

युद्धानंतर तो जर्मनीला परतला आणि १९२६ मध्ये अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कच्या एट्थ ॲव्हेन्यूवर त्याने आणि क्लाराने व्यायामशाळा काढली. जॉर्ज बॅलन्शीन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारखे नृत्यगुरू आपले दुखावलेले नर्तक त्याच्याकडे पाठवू लागले. आपल्या पद्धतीला तो पिलाटेस म्हणत नव्हता, 'कंट्रोलॉजी' म्हणत होता. शरीरावर ताबा मिळवण्याची विद्या. १९४५ च्या पुस्तकात त्याने चटईवरचे ३४ व्यायाम दिले. १९६७ मध्ये तो गेला, म्हणजे कुवलयानंदांच्या पाठोपाठ एका वर्षाने.

इथपर्यंत वाचून कोणीतरी लिहायला घेईलच की बघा, म्हणजे हे सगळं आपल्याकडूनच गेलेलं! मंडळी, मी ते म्हणत नाहीये. मी दोन्ही करून बघते आहे आणि फरक अंगाला कळतो. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर सोडून, रोखून, मग पोट वर ओढतात, आणि तेही रिकाम्या पोटी. पिलाटेसमध्ये श्वास थांबवायचाच नाही. पोट आत धरून ठेवायचं आणि श्वास बरगड्यांच्या बाजूंना, पाठीकडे भरायचा. दिसायला दोन्ही 'पोट आत', पण आतलं काम निराळं. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन माणसांना दोन टोकांना पोटाचं महत्त्व कळलं, एवढंच मला पुरेसं वाटतं. उधारी कोणाची कोणावर हा हिशेब मांडायची गरज नाही.

आणि हिशेब मांडायचाच असेल तर तो घरातला मांडू.

आमचे आजोबा स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात रोज पहाटे आखाड्यात जात. जोर, बैठका, मल्लखांब, मग विहिरीवर अंघोळ. घरी त्यांची मुद्गलांची जोडी होती, शिसवीची. माजघराच्या दाराआड उभी असे. वडील आणि काका त्याच जोडीवर वाढले. दसऱ्याला त्या मुद्गलांची पूजा होई. आदल्या दिवशी आजी त्यांना तेलाचा हात फिरवी, आई हळदकुंकू लावी, आम्ही मुली झेंडूच्या माळा घालत असू. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी ते मुद्गल पुसले, पुजले, सरकवून त्यांच्यामागचा केर काढला. फिरवले एकीनेही नाहीत. कोणी मनाई केली होती असंही नाही. तो प्रश्नच कधी कोणाच्या मनात आला नाही.

आजी सत्तरीत कमरेतून वाकली. सगळे म्हणायचे, म्हातारपण. माझी आई ग्वाल्हेरची, लग्न होऊन बडोद्याला आलेली, अंगाने काटक, दिवसभर उभी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाण्याची बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली. मणका दबला होता. हाडं आतून पोकळ झाली होती आणि कुणालाच कळलं नव्हतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत ती इतकी वाकली की समोरच्याशी बोलताना मान तिरकी करून बघायची. आणि त्याच घरात आमचे वडील ब्याऐंशीव्या वर्षी ताठ चालत सुरसागरला फेरी मारून येत. दोघांनी त्याच घरात, तेच जेवण जेवलं होतं. बायकांची हाडं पाळी गेल्यावर वेगाने झिजतात, हे खरंच आहे, सगळा दोष व्यायामाच्या माथी मारता येणार नाही. पण एकाच्या अंगाला पन्नास वर्षं शिकवण मिळाली होती आणि एकीच्या अंगाला फक्त काम मिळालं होतं. काम म्हणजे व्यायाम नव्हे. धुणं, दळण, बादल्या यांनी अंग झिजतं. अंगाला शिकवावं लागतं ते वेगळं.

तेव्हा 'आपला आखाडा असताना' या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे, की तो आमच्या घरापुरता तरी पुरुषांचा होता. मला माझ्या अंगाचा पहिला वस्ताद साठीनंतर मिळाला.

ती वस्ताद म्हणजे तिशीतली एक गुजराती मुलगी, शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. मला आंटी म्हणते. पहिल्या दिवशी तिने मला काहीच करू दिलं नाही. पाठीवर झोपवलं, गुडघे वाकवून पाय जमिनीला टेकवले, कमरेखाली हात घालून बघितलं आणि म्हणाली, "आंटी, बस शास लो." वीस मिनिटं नुसता श्वास. नाकाने आत, बरगड्या छत्रीसारख्या उघडायच्या. तोंडाने बाहेर, आणि सोडताना बेंबी पाठीकडे. त्या वेळी पोटाच्या सगळ्यात आतला आडवा स्नायू कमरपट्ट्यासारखा आवळतो. एकसष्ट वर्षं तो माझ्या अंगात होता आणि आमची ओळख त्या सकाळी झाली.

नवशिक्यांच्या उपयोगाचं म्हणून दोन-चार गोष्टी सांगते. या पद्धतीतला पहिला प्रसिद्ध व्यायाम म्हणजे 'हंड्रेड', आपण शंभरी म्हणू. उताणं झोपून पाय उचलायचे, डोकं उचलायचं, हात अंगाशेजारी लांब करून वरखाली हलवायचे. पाच आकड्यांत श्वास आत, पाच आकड्यांत बाहेर. अशा दहा फेऱ्या म्हणजे शंभर. नवशिक्याने पाय जमिनीवर आणि डोकंही खालीच ठेवून सुरुवात करावी. मी तशीच केली आणि चाळिशीला दमले. आकडा गाठण्याला इथे मान नाही. आमची मुलगी म्हणते, पाच नीट झाले की पुरे, सहावा वाकडा होणार असेल तर करू नका. आखाड्यात दोनशे जोर काढणाऱ्या आमच्या काकांना हे ऐकवलं तेव्हा ते खूप हसले. मग म्हणाले, "आमचे वस्तादही हेच सांगायचे गं, आम्हीच ऐकत नव्हतो."

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी पाठ पुढे गोल वाकवणारे व्यायाम करायचे नसतात. पिलाटेसमध्ये असे बरेच आहेत: झोपलेलं असताना एकेक मणका उचलत उठून बसायचं, चेंडूसारखं गुंडाळून मागेपुढे लोळायचं. दबू शकणाऱ्या मणक्याला ते धोक्याचं. माझ्या मास्तरणीने रिपोर्ट बघून ते सगळे काढून टाकले आणि पालथं झोपून छाती उचलण्याचे, पाठ मागे नेण्याचे व्यायाम वाढवले. मोबाइलवर व्हिडिओ लावून घरी करणाऱ्या मैत्रिणींना म्हणून सांगते, व्हिडिओला तुमचा रिपोर्ट दिसत नाही. आणि हाडांसाठी नुसतं पिलाटेस पुरत नाही. चालणं, वजन उचलणं, डॉक्टरांनी दिलेली औषधं, सगळं लागतं.

तिसरं. पाठदुखीवरचा हा रामबाण उपाय आहे असं कोणी सांगितलं तर मान डोलावून सोडून द्या. २०१५ मध्ये कॉक्रेनने कमरदुखीवरच्या पिलाटेसच्या चाचण्यांचा आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी थोडं करण्यापेक्षा याने बरं वाटतं, पण इतर व्यायामांपेक्षा हे सरस आहे असं काही ठामपणे निघालं नाही. म्हणजे काय, तर नियमाने करा, समजून करा, कुणाच्या तरी नजरेखाली करा. मग ते कुठल्याही नावाचं असो.

'कुणाच्या तरी नजरेखाली' यावरच माझ्या मते सगळा इतिहास येऊन थांबतो. जोसेफ पिलाटेस गेला तेव्हा त्याने वारस नेमलेला नव्हता. पुस्तक होतं, यंत्रं होती, पण त्याची विद्या टिकली ती त्याच्याकडे शिकलेल्या माणसांमुळे, आणि त्यांत बऱ्याच बायका होत्या. क्लाराने व्यायामशाळा चालू ठेवली. नंतर रोमाना क्रिझानोव्स्का या नर्तिकेने ती सांभाळली. ईव्ह जेन्ट्री ही दुसरी नर्तकी, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा हात वर जाईना. जोसेफने तो पुन्हा उचलायला शिकवला आणि पुढे तिने इतरांना शिकवलं. या सगळ्यांनी जरा जरा वेगळं शिकवलं, त्यावरून भांडणंही झाली. शेवटी 'पिलाटेस' या नावाच्या मालकीचा खटला न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला. २००० साली निकाल लागला की हे एका व्यायामपद्धतीचं सर्वसामान्य नाव आहे, कुणा एकाच्या मालकीचं नाही. त्यानंतर कोणीही शिकवू लागलं, त्यात चांगले आले तसे आठ दिवसांत मास्तर झालेलेही आले. पण निदान विद्या चालती राहिली, आणि म्हणून ती बडोद्यातल्या एका पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये माझ्यापर्यंत पोचली.

आता आपल्याकडे बघा. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी याच बडोद्यात 'व्यायाम ज्ञानकोश' रचला. १९३६ पासून १९४९ पर्यंत, दहा खंड, मराठीत. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसनं, देशी खेळ, परदेशी कवायती, सगळं चित्रांसकट. एवढं मोठं काम व्यायामावर दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत झालेलं माझ्या तरी बघण्यात नाही. आमच्या घरी त्यातले दोन खंड आहेत. मी पिलाटेस सुरू केल्यावर ते प्रथमच नीट वाचायला घेतले. पूर्वी चाळले होते तेव्हा नुसत्या आकृत्या दिसल्या होत्या. आता एखादी कृती वाचली की कुठला स्नायू धरायचा, श्वास कुठे सोडायचा हे अंगाला समजतं. आमच्या मास्तरणीला मी काही पानं गुजरातीत सांगितली. तिने मल्लखांबाची चित्रं बघून विचारलं, "आंटी, ये तुम्हारे घर में था?" मी म्हटलं, हो, घरात होतं.

गेल्या महिन्यात मुद्गलांची जोडी मी तिच्याकडे नेली. तिने आधी वजन करून घेतलं, मग मला सांगितलं की दोन्ही नाही, अजून एकही नाही, आधी मोकळ्या हाताने खांद्याची वाट नीट शिका. आजोबांच्या जुन्या वस्तादांनीही नवीन पोराला हेच सांगितलं असतं. सध्या मी मोकळ्या हाताने फिरवते. माझी नात दहा वर्षांची आहे, ती शेजारी उभी राहून माझ्याबरोबर फिरवते.

मंडळी, दोन विनंत्या. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे तालमी होत्या. तुमच्या घरातलं कोणी तालमीत शिकलेलं आज ऐंशी-नव्वदीत असेल, तर त्यांच्याकडून एक तरी प्रकार स्वतः शिकून घ्या. व्हिडिओ काढून ठेवलात तरी चालेल, पण आधी शिका. आणि ज्ञानकोशाचे खंड कोणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. मला दोनच मिळालेत, उरलेले आठ कुणाकडे आहेत ते खाली सांगा. मी येऊन वाचेन, न्यायला मागणार नाही.

घरातल्या बायकांपैकी कोणी आखाड्यात, तालमीत किंवा शाळेच्या मल्लखांबावर शिकलेलं असेल तर ते मात्र नक्की लिहा. मला त्यांची नावनिशी नको, काय शिकल्या आणि कोणी शिकवलं एवढंच हवं आहे.